रकाना अकरावा

सोहारच्या बाजारात, मनी एक्स्चेंजच्या डोक्यावर,
दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
खिडकीतला एसी गळतो, त्याखाली श्रीखंडाचा रिकामा डबा.
एका शुक्रवारी दुपारी जनार्दन कांदळगावकर आले,
कापडी पिशवीत एकोणतीस वर्षांच्या पावत्या घेऊन.
अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीवर फोरमन.
भुवया कधीच्या जळून गेलेल्या, त्यामुळे
चेहरा कायम नुकतंच काही विचारल्यासारखा.

“नॉमिनी बदलूचो हा.”

तिथे बायकोचं नाव होतं.
ती जाऊन सहा वर्षं झाली.
मला वाटलं, आता मुलीचं घालतील.
त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली :
परमुलखात मेलेल्यांना घरी पोचवणारा एक निधी,
दोन खोल्या, एक कारकून, एक फोन.

मी समजावलं, नुसतं नाव घालून भागणार नाही.
पॉलिसीच त्यांच्या नावे करून द्यावी लागेल,
अभिहस्तांतरण म्हणतात त्याला.
मग ती तुमची राहणार नाही.
हप्ते मात्र तुम्हीच भरायचे.
ते हसले. “घरय तसाच बांधलंय गावाक.
हप्ते माझे, ऱ्हवतत उंदीर.”

रकाना अकरावा. नाते.
काय लिहू?

तेव्हा ते तोफज्जलबद्दल बोलले.
सिल्हेटकडचा. चार वर्षं शेजारच्या खाटेवर.
झोपेत आकडे मोजायचा, कशाचे ते कधी कळलं नाही.
एका जूनमध्ये ताटावरून उठला आणि पडला.
ठेकेदार म्हणाला, कागद नाहीत.
कागदवाला म्हणाला, पैसे नाहीत.
बावीस दिवस शवागारात.
त्याच्या आईचा फोन रोज रात्री यांच्याकडे यायचा.
यांना बांगला येत नाही, तिला दुसरं काही येत नाही.
‘आसबे’. येईल. एवढा एकच शब्द हे शिकले होते.
बावीस रात्री तेवढाच पुरवला.

“तो माझो कोण लागता ता माका म्हायत नाय,” म्हणाले,
“पण लागता.”

मुलीला माझ्या टेबलावरूनच फोन लावला.
शलाका, पुण्यात, बँकेत.
बराच वेळ नुसता तिकडचा पंखा ऐकू आला.
मग, “आईचं नाव खोडून लोकांची?”
मग पुन्हा पंखा.
मग, “एका पेटीला किती लागतात, बाबा?”
त्यांनी सांगितलं, विमानासकट.
“म्हणजे एकोणीस,” ती म्हणाली. “आणि थोडे उरतात.
उरतील त्यात त्यांच्या घरी नीट फोन करायला लावा,
भाषा येणाऱ्या माणसाकडून.”

एकोणीस.
त्या दिवसापासून मला ते दिसतात.
मासळीबाजारात तारल्यांचा ढीग उपसणारा एक.
बंदरावर क्रेनच्या सावलीपुरता झोपलेला एक,
सावली सरकली की झोपेतच सरकणारा.
सलूनमध्ये अर्धीच दाढी करून पळालेला, बस सुटत होती म्हणून.
कुणी तर अजून आलेलाही नसेल :
कुठेतरी नववीत, गणितात कच्चा,
पासपोर्टच्या फोटोत दाखवायला मिशीसुद्धा नाही.
यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही
की एक बिनभुवयांचा माणूस
त्यांचं परतीचं तिकीट काढून बसला आहे.
देव करो, पडून राहो ते.

रकाना अजून कोरा आहे.
मुख्य कचेरीतून एकदा विचारणा आली.
मी कळवलं, चौकशी चालू आहे.

दर मार्चात ते येतात.
नोटा दोनदा मोजतात.
साखर थोडी वाढली, बाकी सगळं उत्तम,
हे अपराध्यासारखं सांगतात.
“औंदाय जमला नाय माका.”
निधीचा कारकून फोनवर म्हणतो, घाई नाही, काका.
मी पावती फाडते.
जाताना ते एसीखालचा भरलेला डबा उचलतात
आणि जिन्यातल्या कुंडीत ओततात.
काही लावलेलं नाही त्यात.
मी सांगितलंय त्यांना.