सात बरोबर

उद्यमनगरात खाली लेथ चालू असतात तोवर
वर आमच्या टेबलावरचा चहा थरथरतो.
आज लेथ बंद. रात्रीचे पावणेबारा.
चहा स्थिर,
आणि सुहेलचे तीन दिवस गायब.

तेजपालनं जोर लावून पुश केलंय.
"ढकलतच नव्हतं मॅडम, म्हणून जोर लावला."
महिनाच झालाय त्याला. दार उघडेना
की खांदा लावायचा, एवढंच शिकून आलेला.
आणि सुहेलनं न बघताच
वरून आलं ते सगळं मशीनवर उतरवून घेतलं,
आपलं पुसून.

मी म्हटलं, आधी हात काढा कीबोर्डवरून.
दोघांनीही. खिशात घाला.
कानातल्याची फिरकी पडली की आई ओरडायची,
हलू नका कुणी, आहे तिथंच उभे राहा.
हरवलेलं निम्मं शोधणाऱ्याच्या पायाखालीच जातं.

मग सुहेलच्या मशीनला विचारलं,
तू आजवर कुठं कुठं उभी होतीस?
रिफ्लॉग तेवढंच सांगतो. पाऊल न् पाऊल,
चुकीच्या वाटेवरचंसुद्धा.
चौथ्या ओळीत सापडले तीन दिवस,
कुठल्याच ब्रँचवर नसलेले, पण असलेले.
दावं सुटलेल्या वासराला धरावं
तशी तिथं नवी ब्रँच बांधली.
सुहेल म्हणाला, "आयला."
एवढंच. मग जाऊन बिंदू चौकातनं
तिघांना अंडाबुर्जी घेऊन आला.

मर्ज अडकला एका ओळीत.
उसाच्या ट्रॉलीचं वजन काट्यावर आल्यावर
शेवटच्या आकड्याचं काय करायचं?
वर बाणांची रांग, खाली बाणांची रांग.
वर सुहेलचं: पाचाच्या पुढं गेलं की दहा धर.
खाली तेजपालचं: किलो आहे तसा छाप.
मध्ये सात बरोबर-चिन्हं,
आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर.

भांडले. बुर्जी गार झाली.
"मुळात ही ओळ लिहिली कुणी ओ?"
मलाही राग आलेला. म्हटलं, बघूच.
ब्लेम चालवला.

रेवती इंगवले.
तीन वर्षांपूर्वी, पहाटे दोन चाळीस.
शेवटचा आकडा उडवून शून्य.
नऊ किलो असले तरी शून्य.
आणि कारणाच्या जागी एकच शब्द:
तात्पुरतं.

"ह्या इंगवले मॅडम कोण? सोडून गेल्या?"
सुहेल पावाचा तुकडा कागदावर फिरवत राहिला.
मी म्हटलं, व्हय. गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोळी पडायची होती.
काट्यावरून आण्णाप्पाचा फोन,
"छापताना आकडा बाहेर जातोय बाई, कायतरी करा."
मी काहीतरी केलं. उद्या नीट करू म्हटलं.
त्या वर्षी बऱ्याच गोष्टी
मी उद्यावर ठेवल्या होत्या.

तीन हंगाम. ओरडलं कुणीच नाही.
पंधरा टनांच्या ट्रॉलीत नऊ किलो कुणाला दिसतात?
एका दिवसाच्या ट्रॉल्या गुणून बघितल्या,
मग कॅल्क्युलेटर बंद केला.

नाव बदलता येतं तसं.
एका फाइलीत जुनं नाव, पुढं नवं,
की मागंपर्यंत सगळीकडं मगदूम दिसेल.
ती ओळही खोडता येते, जोर लावून,
तेजपालनं लावला तसा.
पण ज्यानं ज्यानं प्रत नेली
त्याच्याकडं अजून इंगवलेच,
अजून दोन चाळीसच.

तेजपालची ओळ ठेवली.
बाण पुसले, बरोबर-चिन्हं पुसली.
खाली लिहिलं: आजवर नऊ किलोपर्यंत कापत होतं.
लिहिणारी मीच. रेवती मगदूम.
जुनं नाव तसंच राहू दिलं.

सकाळी सातला काट्यावर फोन लावला.
"आण्णाप्पा, आजपासनं
काटा सांगंल तेवढंच छापलं जाईल."

पलीकडं ट्रॅक्टर फुरफुरत होता.
"मग बाई," तो म्हणाला,
"आजवर काय छापत हुतं?"