माशी

दोन वाजता शाळा सुटते.
सव्वादोनला मितेक दारात:
खांद्यावर माझ्या भावाची रायफल,
हातात कॉफीचा रिकामा डबा,
आणि नजर अशी की आत्या, तुझे बूट अजून पायात का नाहीत?

तो बारा वर्षांचा. मी सत्तेचाळीस.
बावीस वर्षं ऑलबोर्गच्या कचेरीत
दुसऱ्यांचे हिशेब जुळवले.
आता उपेर्नाविकच्या उत्तरेला,
जन्मले त्याच चाळीस घरांत परत,
तर अकरा कुत्री साखळीला उपाशी ओरडतात
आणि त्यांचा मालक कमरेचं हाड मोडून
नूकच्या इस्पितळात चमच्याने जेली खातोय.

मे महिना. समुद्र अजून घट्ट.
ऊन झोपायला जातच नाही.
मितेक साठ पावलं मोजतो, डबा बर्फात रोवतो,
परत येतो. बोलत नाही.
इथे शिकवताना कुणी बोलत नसतं,
विसरलेच होते मी.
भुवया वर गेल्या की हो.
नाक मुरडलं की नाही.
एवढ्यात सगळी शाळा.

पोटावर झोपते. दस्ता गालाला लावते,
डावा डोळा मिटते.
नाक.
दोन्ही उघडे ठेवते.
भुवया.

मागे खाच, पुढे माशी, पलीकडे डबा.
तिघांना एका ओळीत आणायचं, इतकंच ना?
जन्मभर रकानेच तर जुळवले.
पण डोळा एका वेळी एकाचाच असतो.
डब्याला धरावं तर माशी विरघळते,
माशीला धरावं तर डबा नुसता लाल धूर,
आणि खाच दोन्ही वेळा
पाण्याखालच्या दारासारखी.
(चाळिशी घरी राहिली. सांगायची लाज वाटली.)

पहिली गोळी कुठे गेली, बर्फालाच ठाऊक.
दुसरीला लांबच्या हिमनगाने ओ दिली.
तिसरीला कुत्री एकदम गप्प,
पाहुण्यांदेखत हसू दाबावं तशी.
कचेरीत आकडा चुकला तर खोडता यायचा.
दस्ता घट्ट होता, हात हलला नव्हता,
मग माशी शिंकली कुठे?

मितेक रायफल मागून घेतो.
काडी ओढतो, ओंजळीच्या आडोशात
ज्योत माशीखाली धरतो,
ती काजळून मिट्ट काळी होईपर्यंत.
उन्हात चकाकत होती ती,
आणि चकाकेल तिकडे मी कलत होते.
मग काजळीचं बोट
माझ्या नाकासमोर धरून हळूहळू लांब नेतो.
मी बोट बघत राहते.
मागचा त्याचा चेहरा पुसट होतो,
इतका पुसट, की क्षणभर तो
बारा वर्षांचा माझा भाऊच.
"याला बघ," तो म्हणतो.
दुपारभरातले पहिले शब्द.
"डबा कुठे जात नाही."

शिस्त धरते.
श्वास सोडते. सोडून झाल्यावर
पुढचा यायच्या आधी
एक मोकळी जागा असते, बिनवाऱ्याची.
तिथे बोट घोड्यावर.
ओढायचं नाही, नुसतं दाबत राहायचं,
इतकं सावकाश
की सुटेल ते मलाही नंतर कळावं.

टण्ण.

डबा पडला नाही.
जाऊन बघतो तर वरच्या कडेला एक दुमड,
आरपारसुद्धा नाही.
मितेक डबा फिरवून फिरवून न्याहाळतो.
भुवया जागच्या जागी. नाकही.
मग तो डबा उचलून
आणखी वीस पावलं लांब नेऊन ठेवतो.

रात्री, म्हणजे घड्याळातल्या रात्री,
नूकहून भावाचा फोन.
कुत्र्यांची चौकशी, एकेकाचं नाव घेऊन.
नर्सची तक्रार. जेलीची तक्रार.
मग जरा थांबून: "जमतंय का तुला?"

मी भुवया उंचावते.
फोनमधून दिसत नाही हे
उशिरा लक्षात येतं.

पलीकडेही शांत.
बहुतेक त्यानेही.