वायर काढली तरी

मार्च संपत आला की आमच्या घरी
सगळं उघडतं.
आधी कूलर, मग टीव्ही, मग सुगतचा जुना कम्प्युटर.
पुण्याला जाताना म्हणाला होता, भंगारात द्या.
दिला नाही.

ओसरीत चटई, चटईवर पेपर,
पेपरवर अंड्यांचा ट्रे, एकेका खळग्यात एकेका झाकणाचे स्क्रू.
दाढीचा जुना ब्रश. फुंकर मारायला सायकलचा पंप.
आणि सीताबर्डीवरून आणलेली स्पिरिटची बाटली,
जिच्यावर त्यांनी मार्करनं लिहिलंय: औषध नाही.

प्लग काढून मी हात घालायला गेले तर ओरडले,
“थांब नं! वायर काढली म्हून का झालं? आत असतेच करंट.”
बंद टीव्हीचं बटण दाबून धरलं.
लाल दिवा क्षणभर उजळला, कुठून कोण जाणे,
आणि विझला.
“आता पाच मिनिटं थांब.”
थांबलो.
दोघं मुकाट बंद टीव्हीसमोर बसलेले बघून
कुंपणापलीकडून तेंभुर्णेबाईंनी विचारलं,
कोणी गेलं का?

मागचं झाकण निघालं.
पालीची दोन अंडी, एक फुटलेलं, एक तसंच.
त्याखाली ती धूळ.
त्यांनी चिमटीत घेतली, अंगठ्यानं चोळली.
“माती खरखरते. हे पाय, घसरते. हे आपली.”

आपली म्हणजे कोराडीची.
एकतीस वर्षं त्यांनी राखेच्या खात्यात काढली.
डब्याच्या आट्यांत, बनियनला, कानांच्या मागं
तीच घरी यायची,
आणि उंबऱ्याबाहेर मी तीच झटकायची.
ज्या कोळशावर हा टीव्ही चालला
त्याच कोळशाची राख त्याच्या पोटात येऊन बसलेली.
वीजबिलात तिचा रकाना नाही.

ब्रश वरून खाली फिरवायचा, दाबायचा नाही.
तेल दोनच थेंब. तिसरा थेंब धूळ बोलावतो.
कूलरचा पंप खारं पाणी पिऊन पांढरा पडलेला,
त्याला लिंबाच्या सताच्या पाण्यात निजवलं.
हे सगळं ते मला सांगत नव्हते.
पंपाला सांगत होते.

कीबोर्ड मात्र माझ्याकडे.
चमच्याच्या दांड्यानं एकेक बटण उचकटलं,
खाली चिवड्यातले पोहे, पेन्सिलीचं टोक,
नखाची एक चंद्रकोर, सुगतचीच असणार,
परीक्षेच्या आदल्या रात्री कुरतडलेली.
ती फेकली. मग उगाच पेपरवर शोधली.
सापडली नाही.
अक्षरं साबणाच्या पाण्यात धुतली,
सुपात पसरून गच्चीवर वाळत घातली.
सांडगे राखावेत तशी राखत बसले,
कावळ्याला काय, एखादं अक्षर आवडायचं.

बसवताना दोन चुकली.
आता एम दाबला की एन उमटतो.
सुगतला फोनवर सांगितलं. तो हसला,
म्हणाला, आई, पण सुरू तरी होतो का तो?
होतो की.
सुरू होऊन काय करायचं, हे त्यानंही विचारलं नाही.

रिटायर होऊन सात महिने झाले त्यांना.
पहाटे पावणेचारला अजून उठून बसतात.
पहिल्या पाळीची बस आता गल्लीच्या तोंडाशी
त्यांच्यासाठी हॉर्न देत नाही.
खिडकीतून दूरवर चिमणीचा दिवा लुकलुकतो,
हात उशाशी डबा चाचपतो.
पूर्वी मी म्हणायची, झोपा आता, कशाला उठता.
आता काही म्हणत नाही.
पाठीवर हात ठेवते
आणि थांबते.

संध्याकाळी सगळं जोडून झालं.
टीव्ही लागला, बातम्या लागल्या,
कूलरनं पहिला वारा खसाच्या वासाचा टाकला
आणि पेपर उडाला,
तेव्हा दिसला ट्रेमध्ये उरलेला एक स्क्रू.
दरवर्षी एक उरतो.
“जास्तीचा देतात कंपनीवाले,” ते म्हणाले,
आणि पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकला.
डबा हलवून बघितला मी.
बरेच झालेत.