दोघांचं पातेलं

तेम्मा स्टेशनच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर.
जिन्यातच सुकवलेल्या मासळीचा वास.
मियोकोबाईंनी एक बोट वर केलं, "एकट्याच?"
मी मान हलवली.
"उकळतं पातेलं दोघांखेरीज मांडत नाही.
गॅस काय फुकट येतो?"
आणि मला न विचारता
कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांसमोर माझी वाटी नेऊन ठेवली.

तेही एकटेच. रेनकोट घडी करून मांडीवर घेतलेला,
जणू कुणाचं तान्हं थोडा वेळ सांभाळताहेत.
"हामासाकी," ते म्हणाले.
"सेगावा," मी म्हटलं.
ओसाकात एवढी ओळख पुष्कळ झाली.

मधोमध शेगडी, तिच्यावर काळं लोखंडी पातेलं,
पाणी असं खदखदतंय की बोलणं खुंटावं.
"आमच्या गोतो बेटांवर याला नरक-उकळ म्हणतात."
"पापी लोकांसाठी?"
"भुकेल्यांसाठी," ते म्हणाले, आणि जरा थांबून,
"माझ्या लहानपणी दोन्ही एकाच घरात राहायचे."

बाईंनी उदोन सोडले.
बारीक, गोल, हाताने ओढून ओढून लांबवलेले,
कॅमेलियाच्या तेलाचा हात फिरवलेला,
म्हणून एकमेकांना चिकटत नाहीत.
"माणसांनाही लावून बघायला हवं," बाई म्हणाल्या.
हामासाकी हसले नाहीत.
हा विनोद त्यांच्या वाट्याला रोज येत असणार.

मी शहरातली. माझ्या लेखी उदोन म्हणजे
जाड, मऊ, गोडसर रश्शात निपचित पडलेले.
हे भलतेच निसटे.
चॉपस्टिकमधून सुळकन परत नरकात.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा त्यांनी बांबूचा दातेरी पळा माझ्याकडे सरकवला,
माझ्याकडे न बघता,
बसमध्ये कुणी थोडं सरकून जागा करून देतं तसा.

एका वाटीत कच्चं अंडं, वर सोया, चिरलेली पात.
दुसरीत उडत्या माशांचं गरम, पिवळसर पाणी.
"आधी हे पाणी."
"आधी अंडं!" आतून बाईंचा आवाज.
हे भांडण एकवीस वर्षं चालू आहे म्हणे.

मी अंड्यात बुडवले आणि भुरका मारला.
मोठा. शेजारच्या टेबलापर्यंत गेला असेल.
अकरा वर्षं मी नूडल्स आवाज न करता खाल्ले,
हिदेनोबूला तो सोसायचा नाही.
आता घरात आवाजाला कुणाची हरकत नाही,
तरी सवय राहिली होती.
दुसरा भुरका पहिल्याहून मोठा.
हामासाकींनी उत्तरादाखल एक मारला.

मग पातेल्याच्या वाफेकडे बघत सांगितलं:
धक्क्यावर फेरीबोटीची तिकिटं विकायचे.
शेवटच्या वर्षात जायची तिकिटं खपायची,
यायची गठ्ठ्यातच राहायची.
"मग एक मीच घेतलं.
खिडकीच्या बाहेर आलो, पैसे आत ठेवले,
पुन्हा आत गेलो,
सुटे मोजून स्वतःला परत दिले."
मी विचारणार होते, तिकडे आता कोण आहे.
तेवढ्यात पाणी उतू गेलं.

तळाशी एकच उदोन उरला.
ओसाकात शेवटच्या घासाला
संकोचाचा गोळा म्हणतात.
दोघंही त्याच्याकडे बघत नसल्याचं सोंग करत होतो.
बाई आल्या, गॅस बंद केला,
उभ्याउभ्या तो उचलून भुरकला
आणि म्हणाल्या, "जास्त शिजला."

बिल वेगळं मागितलं, तर
"एक पातेलं, एक कागद."
मी माझ्या वाटणीची नाणी
हामासाकींच्या तळहातावर ठेवली.
त्यांनी ती दोनदा मोजली,
अंगठ्याने एकेक सरकवत,
आणि मान वर न करता, जुन्या सवयीने विचारलं,
"एकेरी, की परतीचं?"