भाड्याची शीव

सत्काराला शाल नव्हती, चादर होती,
आणि अध्यक्षांनी माइकवरूनच विचारलं,
गड्डम मॅडम, चिनी टॉवेल एवढा स्वस्त कसा पडतो?
तीस वर्षं मी तिआनजिन शहराची गटारं वाचली.
टॉवेलचं मला ठाऊक नव्हतं.
लोक हसले. मीही.

गटारं म्हणजे नकाशे, निविदा, नळपट्टीच्या वह्या.
एका नदीकाठी नऊ परके झेंडे,
झेंडा बदलला की रस्त्याची रुंदी बदलायची,
रिक्षावाल्याला नवा परवाना.
अशा हद्दीला तिथे म्हणतात त्सूज्ये.
त्सू म्हणजे भाडं. ज्ये म्हणजे शीव.
शब्द फोडून कळला तेव्हा मी दिल्लीत होते, हॉस्टेलात,
आणि डोळ्यांपुढे आली साखर पेठेतली आमची खोली,
ओसरीवर मालकाने खडूने ओढलेली रेघ,
जिच्यापलीकडे आईचं तेंदूपानांचं पोतं
जाता कामा नये.

आई दिवसाला हजार बिड्या वळायची.
मी प्रबंधाचे तीनशे शब्द.
तिच्या सुपातून चेकर मूठभर बिड्या काढून टाकायचा, छाट म्हणून.
माझ्या गाइडने अख्खं दुसरं प्रकरण.
रविवारी फोनवर आम्ही आपापली छाट मोजायचो,
ती तेलुगूत, मी मराठीत.

एकदाच, बंदराच्या एका जकात रजिस्टरात,
ओल खाऊन फुगलेल्या पानावर:
सूत, वीस नंबरी, मुंबईमार्गे, गासड्या चाळीस.
गिरणीच्या नावावर कसरीने वाट काढलेली.
ते सोलापूर आहे असं मी कुठेही लिहिलं नाही.
पुरावा नव्हता.
नुसता पानावर हात ठेवून बसले,
आणि पहारेकऱ्याने दोनदा सांगितलं, हात काढा.

आज घरी आल्यावर आईने विचारलं,
वय चौऱ्याऐंशी, बोटं अजून हवेत पान कापतात,
तिथल्या बायका काय वळायच्या गं?
काड्यापेट्या, म्हटलं. कापूस पिंजायच्या. नक्की नाही सांगता येत.
वह्यांत त्यांची नोंद नाही.
नोंद नाही म्हणजे छाट, ती म्हणाली,
आणि भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवला.

मग चादर मागून घेतली,
उलटी करून खिडकीशी धरली.
पॉवरलूमची आहे.
पहिल्या धुण्याला
वेगळी भिजव.