शोकेस

खानापूरच्या स्टेशन रोडला माझा स्टुडिओ.
पाटी दोन लिप्यांत. वर कन्नड, ठळक,
खाली मराठी, पेंटरनं उरल्या जागेत बसवलेली.

एक्याण्णव साली शोकेसमध्ये एक फोटो लावलो होतो,
बारा बाय पंधरा, हातानं रंगवलेला.
शेवंता घाडी, गर्लगुंजीची.
साखरपुड्याची साडी, नथ मामीची, उसनी.
बस सुटली तरी लोक बघत उभे राहायचे.

दीड महिन्यानं तिचे वडील आले, भरमाण्णा.
देवळात यावं तसं चप्पल बाहेर काढून.
'तेवढा फोटो काढा की ओ तिथला.'
का, ते सांगितले नाहीत. मी विचारलो नाही.
स्टुलावर चढलो, खिळा उपटलो,
फ्रेम त्यांच्या हातात दिलो. निगेटिव्हपण.
पाच मिनिटांचं काम.
मागच्या कापडावर एक चौकोन उरला,
न विटलेला, वर्षभर.

गेल्या महिन्यात फोनवर आलं:
तुम्ही साठवलेल्या चित्रांचा उपयोग
आमच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी होऊ शकेल.
इंग्रजीत, एकोणीस पानं.
पाटीवरच्या एका अक्षरासाठी
डांबराचा डबा घेऊन निघणारी माणसं आमच्याकडं आहेत,
दोन्ही बाजूंची.
या एकोणीस पानांना कुणी बोट लावलं नाही.

खाली दोन बटणं.
'मान्य'. 'आत्ता नको'.
नुसतं 'नको' कुठंच नव्हतं.
आमच्यात शेंबडं पोर दोन भाषांत सांगतं,
नको. ब्याड.
पंगतीतला वाढपीसुद्धा
ताटावर आडवा हात बघून पुढं सरकतो.

आता खरं सांगतो.
निगेटिव्ह दिलो होतो,
पण पोस्टकार्ड साइजची एक प्रिंट ठेवून घेतलो होतो.
माझं पहिलं चांगलं रंगकाम, म्हणून.
लॉकडाऊनमध्ये भाच्यानं सगळे जुने अल्बम स्कॅन करून वर चढवले,
चार हजार तोंडं,
त्यात तीपण.

नंदगडला गेलो. ती पिठाची गिरणी चालवते.
पट्टा थांबवून ऐकली.
'माझं तोंड घेऊन काय करूलालेत ते?'
यंत्राला माणूस शिकवतात म्हणालो.
हा हसतोय, ही रडतेय, असं ओळखायला.
'आणि माझ्याखाली काय लिहिलेत?'
माहीत नव्हतं. हसरी नवरी, असंच असणार.

ती पदरावरचं पीठ झटकली.
'रात्रभर रडून आले होते मी, मामा.
तुम्ही म्हणालासा, थोडं हस.
मग घरी नेऊन रंगानं डोळे धुतलासा माझे.'

धुतलो होतो.
शून्य नंबरचा ब्रश, पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब.
लाली अशी गेली होती की आईलाही कळू नये.
आता कुठल्या तरी थंड खोलीत एक यंत्र
तो निळा थेंब
आनंद म्हणून पाठ करत असेल.

भाच्याला घेऊन बसलो. सातव्या पानामागं
एक खटका सापडला. बंद केलो.
खाली ओळ उमटली:
याआधी झालेल्या वापरावर परिणाम होणार नाही.

संध्याकाळी तिचा फोन.
'काढलासा काय?'
काढलो म्हणालो.
पुढचं बोलायच्या आधी तिकडं गिरणी सुरू झाली,
मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं नाही.

कायदा येतोय म्हणतात. येऊ दे.
भरमाण्णांनी कुठला कायदा दाखवला होता?
दारात उभे राहिले, एवढंच.
यांचं दार कुठल्या गल्लीत आहे
ते मला कुणी सांगावं, स्टूल मी घेऊन जातो.

आज कॉलेजची एक पोरगी आली, पासपोर्ट फोटोला.
आठ कॉप्या कापून दिलो आणि विचारलो,
ठेवू की पुसू?
ती फोनमधून मान वर काढली.
'म्हणजे काय, अंकल?'

स्टूल पुढं ओढलो, बस म्हणालो.
तिची बस साडेपाचची होती.