टेबल नंबर सात

भांडुपच्या कारखान्यात एकवीस वर्षं
मी सोल्डरचे फक्त चौदा ते बावीस टाके मारले.
तेरावा शेवंताचा. तेवीसपासून पुढे ग्लोरियाचे.
रेडिओ पट्ट्यावरून सरकत जाई
आणि गायला लागे तो थेट भिंतीपलीकडे,
टेस्टिंगच्या पुरुषांसाठी.

आता वय त्रेसष्ट, चष्म्यावर भिंग,
आणि पहिल्यांदाच टाका नंबर एक.

लॅमिंग्टन रोडला कुतुबभाईंच्या काउंटरवर
वीस केपॅसिटर मागितले.
"दोनच लागतात ना, बाई?"
"दोनच. पण जुळे हवेत."
त्यांनी मीटर पुढे सरकवला, स्टूल दिलं.
मी एकेक मोजत बसले, मुलगी बघायला आलेल्या सासूसारखी.
अठरा परत केले. ते काही बोलले नाहीत,
चहा मात्र कटिंगच सांगितला.

सुईच्या टोकाशी जेमतेम पाच मिलिव्होल्ट,
मुंगीनं बोट हुंगावं इतके.
त्याला शंभरपट करायचं, आणि सगळ्याला सारखं नाही.
तबकडी कापतानाच खर्ज दाबलेला असतो,
नाहीतर त्याच्या झोकानं शेजारची खाच फुटेल;
वरचे सूर चढवलेले, खरखरीच्या वर राहावेत म्हणून.
आपण तो हिशेब उलटा फिरवायचा:
तीन हजार एकशे ऐंशी, तीनशे अठरा, पंचाहत्तर.
हे मायक्रोसेकंद मी कॅलेंडरवर लिहून ठेवलेत,
गॅसवाल्याच्या नंबरखाली.

दाबलेला खर्ज.
इथे एखादीनं स्वतःबद्दल काहीतरी लिहिलं असतं.
मी राळेचा धूर फुंकून बाजूला केला.

डबा नानकटाईचा, पत्र्याचा, झाकणावर दोन मोर.
भोकं पाडताना एका मोराचा डोळा गेला
आणि खालच्या रेवंडकरांनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.
रात्री साडेदहाला सगळं जोडलं.

घूं.

गाणं नाही, घूं. पन्नास हर्ट्झ.
अख्ख्या कन्नमवार नगरचा करंट
माझ्या डब्यातून वाट काढतोय जणू.
ट्रान्सफॉर्मर लांब नेला. आडवा केला. उभा केला.
पंखा बंद. फ्रिज बंद. दूध नासलं.
केतकी फोनवर म्हणाली, मावशी, तयार मिळतो गं, दोन हजारात.
मी फोनही बंद केला; न जाणो, तोच घुमत असेल.

चौथ्या रात्री दिसलं.
अर्थ दोन जागी बांधली होती मी,
एक इनपुटच्या स्क्रूला, एक डब्याच्या कोपऱ्याला,
आणि दोन्हींच्या मधे वीज नुसती गरागरा फिरत होती.
कुणी शिकवलंच नव्हतं. अर्थचा टाका एकतिसावा,
तो मारायचा आमच्यापासून तीन टेबलं पुढे.
पक्कड घेतली. कट्.

मग भिंतीवरच्या घड्याळाचा काटा
पाय वाजवत चालायला लागला.

तबकडी चोरबाजारातली, तीस रुपयांची,
लेबल उंदरानं खाल्लेलं. कोण गातंय
मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.
सुई टेकली. चर्र. दोन टिचक्या.
मग कुणी बाई श्वास घेते,
पेटीवाला मांडी बदलतो, खाली काहीतरी कुरकुरतं,
आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "हां."

तिथेच सुई उचलली.
परत ठेवली. परत "हां."
असं सात-आठ वेळा. गाण्यापर्यंत त्या रात्री गेलेच नाही.

शेवंताचा नंबर जुन्या डायरीत सापडला.
मुलानं उचलला. आईला आता नीट ऐकू येत नाही, म्हणाला.
म्हटलं, रविवारी आण तिला.
आवाज वाढवायला अजून जागा आहे,
एकच रेझिस्टर बदलायचाय.
टाका तिलाच मारू दे.
हात थरथरतो हो तिचा, म्हणाला.
म्हटलं, डबा मी धरते.